तू पाणी घालायचास त्या खड्ड्यात

दिगू, तुला मधुशेठने फसवलं. भिसेगावातल्या आपल्या इमारतीचं वायरिंग त्याने केलं आणि अर्थिंगच्या खड्ड्यात काहीही पुरलं नाही. वर सिमेंटची चौकट, लोखंडी झाकण, झाकणातून वीतभर वर आलेला पाइप. खाली नुसती माती आणि विटांचे तुकडे. तू त्या पाइपात रोज सकाळी बादली ओतत राहिलास.

हे आधी सांगून टाकते. लोक आता वेगळंच बोलायला लागले आहेत, आणि ते तुझ्यापर्यंत माझ्या आधी पोचलं तर मला चालणार नाही.

मला भीती वाटते, हेही सांगते. तुला हसू येईल. जिला बघून बाजारातले दुकानदार भाव सांगायच्या आधी चहा विचारतात, ती तुझी वहिनी आता घरातला फ्रिज उघडताना आधी बोटांच्या पाठीने दाराला शिवून बघते. नळाला तसंच. ग्रिलला तसंच. तूच शिकवलं होतंस: तळहाताने धरलं तर करंट मूठ आवळतो आणि सुटता येत नाही, पाठीने शिवलं तर हात झटकला जातो. तुझी सुनंदा बघते आणि मान फिरवते. तुझी लेक मनू मात्र खेळ समजून तसंच करते. कपाटाला, खुर्चीला, मांजराला. परवा तिने तुझ्या फोटोला बोटांच्या पाठीने शिवलं आणि मी तिच्यावर ओरडले. कशासाठी, ते मला तिला सांगता आलं नाही.

मी लग्न होऊन कडावला आले तेव्हा तू शाळेत होतास. सासूबाईंनी सांगितलं होतं, धाकट्या दिराला भावजी म्हणायचं. मी पदर सावरून म्हटलं, "भावजी, ताट वाढलंय." तू ताक पीत होतास, ते तुझ्या नाकातून बाहेर आलं. त्यानंतर तू माझा दिगू, आणि मी सगळ्या गावादेखत तुझ्याशी भांडणारी वहिनी.

मी दुसऱ्यांच्या लग्नांत शूटिंगचा लाइट धरायला जायची तेव्हा भावकीत नाकं मुरडली गेली. डोक्याच्या वर लाइट, पायात वायर, आणि नवरीची आई सांगणार, "ए बाई, सरक जरा, तुझी सावली पडते." त्या लाइटवरून मी कॅमेऱ्यावर आले, कॅमेऱ्यावरून भिसेगावातल्या गाळ्यावर. तू तेव्हा नव्या मुंबईत कुठल्याशा कंपनीच्या सर्व्हरच्या खोलीत स्वेटर घालून काम करायचास. नोकरी सोडून माझ्या स्टुडिओत येतो म्हणालास तेव्हा तुझा दादा आठवडाभर जेवताना बोलला नाही. मी मात्र लगेच पगाराची बोलणी काढली.

"वहिनी, तू माझ्याशी पन घासाघीस करतेस?"

"तुझ्याशी आधी," मी म्हटलं. "परका निदान उठून तरी जाईल."

तू उठून गेला नाहीस. तू पेटी आणलीस.

जगात तिला स्टोरेज सर्व्हर म्हणतात, आपल्याकडे ती पेटीच. काळ्या पत्र्याची, पुढे डिस्कचे खण, प्रत्येक खणावर हिरवा दिवा. फार्महाउसवरची लग्नं, बारशी, साखरपुडे, जे काही आपण चित्रित केलं ते सगळं तिच्या पोटात. पुढच्या खोलीत मुली संगणकांवर बसून काम करतात, पण फाइल कुणाच्याच संगणकात नसते, सगळ्या जणी वायरीतून पेटीकडे मागतात आणि पेटी देते. तू म्हणायचास, ही आपली विहीर, बाकी सगळे रहाट. मला ते आवडलं होतं. तुला तोंडावर सांगितलं नाही, कारण तू लगेच नवीन डिस्क मागितली असतीस.

या पावसाळ्यात पेटी अडकायला लागली.

कुणीतरी एखादं फोल्डर उघडायला जावं आणि पडद्यावरचं ते गोल चाक फिरत राहावं. मग शेजारचा संगणक थिजायचा, मग त्याच्या शेजारचा. बंद करायला गेलं तर प्रोग्राम बंदही व्हायचा नाही, मेल्यासारखा पडून राहायचा. तुझ्या काळ्या पडद्यावर एकच ओळ यायची. तू मला तिचा अर्थ सांगितला होतास: सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे. थोड्या वेळाने दुसरी ओळ: सर्व्हर ठीक आहे. आणि सगळं जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू, जणू काही झालंच नव्हतं.

मला त्या "प्रयत्न चालू आहे"चा राग यायचा. दाराशी गिऱ्हाईक बसलेलं, त्याच्या मुलीचं लग्न चाकात अडकलेलं, आणि मशीन शांतपणे सांगतंय की प्रयत्न चालू आहे. मी तुला म्हटलं, असं काहीतरी कर की थोडा वेळ वाट बघितली आणि उत्तर आलं नाही तर संगणकाने नाद सोडावा. "जमत नाही" म्हणावं आणि मोकळं व्हावं. तशी सोय असते, हे मी विचारून आले होते.

"सोय हाय," तू म्हणालास. "मी करनार नाय."

"का?"

"त्याला घाई केली ना, तर तो अर्धी फाइल लिहील आन् मधेच सोडील. वर सांगंल का झालं काम. तुला कळनार पन नाय. लग्नात सप्तपदी अर्धी आन् एकदम वरात. त्यापरीस अडकू दे. अडकलेला निदान खोटं बोलत नाय."

"गिऱ्हाइकाला मी काय सांगू? मशीन सत्यवचनी आहे?"

"सांग. फुकटात नाव होईल."

यावर आपण किती वेळा भांडलो. जेवताना, गाडीवर, एकदा तर खालापूरला तहसील कचेरीच्या रांगेत, पुढच्या माणसाला वाटलं आपलं जमिनीवरून चाललंय. तू हटला नाहीस. मी भाव तोडायला बसले की समोरचा कुठे वाकेल हे मला त्याच्या खांद्यांवरून कळतं. तुझे खांदे त्या एका गोष्टीत कधी वाकले नाहीत. ते भांडण अर्धंच राहिलं आहे.

तू शोधायला लागलास तो तुझ्या पद्धतीने. आधी वायर बदललीस आणि थांबलास. मग वायरी एकत्र येतात तो डबा बदललास आणि थांबलास. मग एकेक डिस्क तपासलीस. मी म्हटलं, सगळं एकदम बदलून टाक ना. तू म्हणालास, "एका टायमाला एकच गोष्ट. नायतर कशानं बरं झालं त्ये कळनार नाय, आन् पुन्हा आजारी पडलं तर आपन पुन्हा आंधळे." वायर निर्दोष, डबा निर्दोष, डिस्क निर्दोष. तुझ्या कपाळावर मधोमध एक आठी पडायची, तुझ्या आईच्या कपाळावर पडायची तशीच.

आणि झिणझिण्या. त्या आधीपासून होत्या. पेटीच्या पत्र्याला हात लागला की कोपरापर्यंत मुंग्या. या पावसात त्या वाढल्या. आपण काय केलं? घरून पाट आणला. जेवायला बसायचा आपला सागवानी पाट. पेटीपुढे टाकला, आणि ज्याला पेटीला हात लावायचा त्याने चप्पल असो नसो, पाटावर चढायचं. मुली तुला चिडवायच्या, "आला नवरदेव बोहल्यावर." तू पाटावर उभा राहून मुंडावळ्या सारल्यासारखं करायचास. सगळे हसायचो. पत्र्याला करंट लागतो हे ज्याला त्याला माहीत होतं आणि त्यावर आपल्याकडे एक विनोद होता. 

पंपाचा शोध लागला तो दिवस मात्र मी विसरणार नाही. कोंडूमामाने, आपल्या इमारतीच्या राखणदाराने, बोअरचा पंप चालू केला. खिडकीखालून तो घरघर आवाज आला आणि तुझ्यासमोर पेटीचे दिवे पिवळे झाले. तू उडी मारून खिडकीत गेलास.

"मामा, बंद करा!"

"का रं?"

"करा तर!"

पंप थांबला. काही वेळाने पडद्यावर ओळ आली: सर्व्हर ठीक आहे.

"मामा, आता चालू करा!"

"आरं, येड लागलंय का तुला? टाकी भरली हाय, पानी वाहून चाललं."

"वाहू दे! चालू करा!"

पंप सुरू, पेटी अडकली. पंप बंद, पेटी सुटली. वरच्या मजल्यावरच्या बायका गॅलरीत आल्या. पाणी गच्चीवरून खाली पडतंय, मामा शिव्या घालतोय, आणि तू खिडकीच्या गजांना धरून हसतोयस. "वहिनी, ह्या दोघांचं गुळपीठ हाय. पंपाचं आन् पेटीचं."

मग तू मला समजावलंस. इमारतीतल्या प्रत्येक पत्र्याच्या वस्तूपासून एक हिरवी वायर निघते आणि त्या सगळ्या एकत्र होऊन खाली अर्थिंगच्या खड्ड्यात जातात. तिथे लोखंडी पट्टी पुरलेली असते, भोवती कोळसा आणि मीठ. कुठे करंट फुटला तर तो त्या वाटेने जमिनीत जातो आणि बोर्डातलं बटण पडतं. ती वाट तुटली तर एका मशीनचा फुटका करंट हिरव्या वायरीने बाकी सगळ्यांच्या अंगावर फिरत बसतो. पंपाची मोटर पावसात कुठेतरी ओली झाली असणार.

"म्हणजे खड्डा खराब?"

"खराब कसा असंल? पानी मी रोज घालतो." मग खिडकीतून खाली बघत, "पट्टी गंजली असंल. दसरा झाला का उकरू."

पाणी मी रोज घालतो. हेच मला सोसत नाही, दिगू. गाळा ताब्यात मिळाला तेव्हा मधुशेठने तुला त्या झाकणापाशी नेऊन सांगितलं होतं, "खड्डा सुकू द्यायचा नाही हं. कोळसा ओला राहिला पाहिजे. उन्हाळ्यात तर रोज पाणी." मी शेजारीच उभी होते. रिकाम्या खड्ड्याला पाणी घाल असं सांगताना त्याची जीभ अडखळली नाही. उन्हाळ्यात नळ कोरडे पडायचे तेव्हा तू पिण्याच्या पिंपातून बादली काढायचास. मी म्हणायची, "घरच्या तुळशीला सुनंदा पाणी घालते, तू इथे घाल." तू म्हणायचास, "ही पन तुळसच. हिच्यावर आपन सगळे जगतो."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पेटी पुन्हा अडकली, आणि या वेळी सुटल्यावर तुझ्या पडद्यावर काहीतरी वाईट आलं. आतली मांडणी बिघडली होती. कुठली फाइल कुठे, याचा पेटीचा स्वतःचाच हिशेब चुकायला लागला होता. तू तपासणी लावलीस. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं चाळते आणि जुळवत जाते, आणि मधे थांबवली तर होतं तेही जातं. सकाळी मी झेंडूच्या माळा आणि ताट घेऊन आले तरी ती चालूच होती.

"पूजेपुरती बंद कर," मी म्हटलं.

"नाय वहिनी. मधेच सोडता येत नाय. अशीच करू पूजा, चालूच. मामाला सांगितलंय, पंप लावू नको."

फरशी पुसून झाली होती. चपला दाराबाहेर. तू नवा सदरा घातला होतास, बाही दुमडलेली, हात नुकतेच धुतलेले. आणि पाट, दिगू. आपला पाट मुलींनी पूजेला घेतला होता. त्यावर लाल कापड, त्यावर कॅमेरे मांडलेले, प्रत्येकाला फूल. पावसाळाभर पेटीला शिवताना ज्याच्यावर चढलो तो पाट त्या एका दिवशी देवाचा झाला. म्हणून त्याच्यावर कुणी पाय ठेवणार नव्हतं.

तू पेटीला हळद लावलीस. काही झालं नाही. तू कुंकवात बोट बुडवलंस. वरच्या मजल्यावर कुणाचं तरी पाणी गेलं, कुणीतरी ओरडलं, आणि खिडकीखाली तो घरघर आवाज आला.

तू ओरडला नाहीस. हे मी सगळ्यांना सांगते आणि कुणाला पटत नाही. तू फक्त उभा राहिलास, हात पेटीवर, आणि तुझा चेहरा मला ओळखू येईना. मी पाट ओढला. कॅमेरे खाली पडले. त्या पाटाच्या कडेने मी तुझ्या हातावर मारलं, जोरात, जसं कधी कुणाला मारलं नाही. तू सुटलास आणि पडलास. कुणीतरी मेन स्विच पाडला आणि पेटीचे सगळे दिवे एकदम विझले. तुझी तपासणी अर्धवट राहिली. माझ्या डोक्यात त्या क्षणी काय आलं माहीत आहे? दिगू चिडणार. मधेच बंद केली म्हणून चिडणार.

सरकारी दवाखान्यापर्यंत तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी तुझ्याशी बोलत होते. काय बोलले ते आठवत नाही. वाद घालत असणार.

कोंडूमामा आमच्या दाराशी येऊन बसला होता. नुसता बसला होता, डोकं गुडघ्यांत घालून. "वयनी, मी बटन दाबलं वं. वरून बोंबलाया लागले, मी इसरलो." मी त्याला उठवलं. पंपाचं बटण दाबलं म्हणून दुसऱ्या खोलीतला माणूस मरत नसतो. इमारतीचा खड्डा खरा असेल तर मरत नसतो.

मग मी खड्डा उघडला. खालापूरहून एक वायरमन आणला, जो मधुशेठला ओळखत नव्हता, हे आधी विचारून घेतलं. वाडीवरची दोन माणसं खणायला लावली. झाकण काढलं, चौकट फोडली. पाइप हातात आला. सरळ, उपटलेल्या मुळ्यासारखा, हातभर लांब. त्यांनी आणखी खणलं. त्यातला एक वर बघून म्हणाला, "बाय, हितं तं काय नाय." हिरवी वायर चौकटीच्या आतच संपली होती. टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, नीट, हाताने चेपून. म्हणजे घाईत विसरलं असं नाही. कुणीतरी बसून ते टोक बंद केलं होतं.

माती मात्र ओली होती. तुझ्या पाण्याने. खोलवर ओली.

मधुशेठ दहाव्याला आला. पांढरा सदरा, चेहरा पाडलेला. माणसं पांगल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, झालं ते फार वाईट झालं. पण ओल्या हाताने चालू मशीनची पूजा कोण करतं हो?"

"आख्खं कर्जत करतं," मी म्हटलं. "रिक्षावाला करतो, गिरणीवाला करतो. तुमच्या त्या मोटारसायकलला कुणी घातली माळ?" माळ सुकली होती, पण होती.  मग मी खड्ड्याचं काढलं.

"अहो, जमीन खाते पट्टीला. लोखंड कुजतं."

"आणि कोळसा?"

"काय?"

"कोळसा कुजतो का, मधुशेठ? मीठ विरघळलं म्हणा. पट्टी गंजली म्हणा. कोळसा कुठे गेला? वायरीच्या टोकाला चिकटपट्टी कुणी गुंडाळली, जमिनीने?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुम्ही भाव किती पाडला होतात तेवढं आठवा वहिनी. मग माणूस कुठेतरी वाचवणारच."

हे तो आता सगळीकडे सांगत फिरतोय. बाईने भाव पाडला, दिराचा जीव गेला. मला माहीत आहे तू यावर काय म्हणाला असतास, पण लोकांसाठी लिहिते. होय, इमारतीच्या वायरिंगचा भाव सगळ्यांच्या वतीने मीच ठरवला, आणि मी भाव पाडते. तोच माझा धंदा, त्याच्यावर घर उभं राहिलं. पंख्यांवर पाडला, बटणांवर पाडला, पाइपांवर पाडला. परवडत नसेल तर माणूस उठून जातो, खोटा खड्डा बांधत नाही. आणि खड्ड्यावर मी एक शब्द बोलले नव्हते. बोलणार होते. तू मधे पडलास: "वहिनी, यात नको बोलू. ह्ये त्याला पायजेल तसं करू दे." मी गप्प बसले. उभ्या आयुष्यात एकच सौदा मी समोरच्याचा पहिला शब्द मानून केला, तो हा. आणि त्यातच त्याने मला आणि तुला फसवलं.

खालापूरच्या वायरमनने आपल्या गाळ्याची हिरवी वायर इमारतीपासून तोडली आणि मागच्या बाजूला वेगळा खड्डा केला. खरा. मी काठावर खुर्ची टाकून बसले होते. पट्टी उतरताना पाहिली, कोळशात हात घालून पाहिला. मग पेटी चालू केली. म्हणजे मुलींनी केली. मी दाराबाहेर उभी होते, माझे पाय आत जाईनात. तपासणी आपोआप पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, आणि संपली. मग मामाला सांगून पंप लावला.  घरघर सुरू झाली. एका मुलीने फोल्डर उघडलं. उघडलं.

तुझं निदान बरोबर होतं, दिगू. एका वेळी एक गोष्ट बदलत तू बरोबर जागी पोचला होतास. पेटी आता अडकत नाही. सगळी लग्नं आत सुखरूप आहेत, सप्तपदीसकट. एका हळदीच्या शूटिंगमध्ये मागून तुझा आवाज आहे: "वहिनी, लाइट वर घे, सावली पडते." मी तेवढंच ऐकलं आणि बंद केलं. पुढचं ऐकायची हिंमत नाही झाली. तुझे आभार कधी मानले नव्हते. त्या पहिल्या पगाराच्या बोलणीत तू मला जिंकू दिलंस हे मला तेव्हाच कळलं होतं, हेही कधी बोलले नाही.

पण आपला गाळा सुटला म्हणजे इमारत सुटली नाही. बाकी सगळ्यांच्या हिरव्या वायरी अजून त्या चिकटपट्टीपाशी येऊन थांबतात. आपल्या शेजारी शिकवणीचा वर्ग आहे. दाराशी स्टीलचा वॉटर कूलर. मुलं दुपारी शाळेतून येतात, चपला काढतात, ओल्या हातांनी तोटी धरतात. मी कूलरचा प्लग काढायला सांगितला, पण प्लग काढून भागत नाही. नळाचा लोखंडी पाइप, जिन्याचा कठडा, कशाकशात तो करंट फिरेल हे वायरमनही छातीठोक सांगेना. सगळे मिळून खरा खड्डा करू, म्हणत मी घरोघर गेले. सगळे म्हणाले, हो हो, करायला हवं. दिवाळी होऊ दे.

दसरा होऊ दे, दिवाळी होऊ दे.

म्हणून मी पंपाचे फ्यूज काढले. पांढरे, चिनी मातीचे, ते माझ्या पर्समध्ये आहेत. हे लिहिते आहे तेव्हाही मांडीवर पर्स आहे. इमारतीत पाणी नाही. काल वरच्या मजल्यावरची बाई जिन्यात म्हणाली, "आमी काय टँकरनं आंघोळी करायच्या? तुमच्या दुःखापायी?" मी म्हटलं, "करा. जिवंत माणसं करतात आंघोळी." मधुशेठने तिला सांगितलंय म्हणे, दुःखाने बाईचं डोकं फिरलंय, दोन दिवस जाऊ द्या, देईल फ्यूज. मला भीती वाटते की मी खरंच दमेन आणि देईन. रात्री दचकून पर्स चाचपते. कुणीतरी बाजारातून नवे फ्यूज आणून बसवेल, याची तर जास्तच भीती वाटते. मामाला मी पंपाच्या खोलीपुढून हलू देत नाही. तो हलतही नाही.

तुझं ते अर्धं राहिलेलं भांडण मी हरले असं समज. थोडा वेळ वाट बघून "जमत नाही" म्हणायचं आणि मोकळं व्हायचं, ही माझीच मागणी होती. इमारत सगळी आता तेच म्हणते. मी तुझ्या मशीनसारखी अडून बसले आहे. विचारत राहणार, उत्तर येईपर्यंत.

मधुशेठ, हे तुमच्यासाठी. दिगू वाचू शकत नाही, तुम्ही वाचू शकता. ती वायर तुम्ही कापलीत की तुमच्या माणसाने, ते सांगा. ज्या खड्ड्यात काही पुरलं नाही त्याला पाणी घालायला माझ्या दिराला कोणत्या तोंडाने सांगितलंत, ते सुनंदापुढे उभे राहून सांगा. आणि त्याच्याही आधी, आजच्या आज, ज्याच्या विचाराने मला झोप येत नाही ते सांगा: कर्जत-खालापुरात तुम्ही वायरिंग केलेल्या आणखी कोणकोणत्या इमारतींत रोज सकाळी कुणीतरी रिकाम्या खड्ड्याला पाणी घालतंय?